शेजारी कोण ठरवतो?

दिल्ली मेट्रोवर दिल्ली हाट-आय.एन.ए. नावाचे एक स्थानक आहे. त्यातली शेवटची तीन अक्षरे म्हणजे इंडियन नॅशनल आर्मी, आपली आझाद हिंद सेना. तेथे उतरून पश्चिमेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर लक्ष्मीबाई नगर लागते. मोरोपंत तांब्यांची कन्या आणि झाशीच्या नेवाळकरांची सून, त्या राणीचे हे नाव. वसाहतीजवळच्या रस्त्याला ब्रिगेडियर होशियारसिंग यांचे नाव आहे. १९६२ च्या युद्धात से-ला येथे ६२ ब्रिगेडचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि त्याच युद्धात ते धारातीर्थी पडले. जवळच नेताजी नगर आहे. नावे वाचून कोणालाही ही लष्करी वसाहत वाटावी. प्रत्यक्षात ती केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी बांधलेली आहे. माझे वडील एका मंत्रालयात कारकून होते आणि माझे शालेय आयुष्य तेथे गेले.

कॅडेट मित्रांनो, भूगोलाच्या तासाला मी तुम्हांला वस्ती कशी वसते ते शिकवतो. पाणी, सुपीक जमीन, रस्ता, बाजार ही कारणे तुम्ही पाठ करता आणि पेपरात लिहिता. गावापुरते ते ठीक आहे. पण एकाच शहराच्या आत अमुक माणूस अमुक ठिकाणीच का राहतो, त्याचा शेजारी कोण असावा हे कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्या पुस्तकात येत नाही. नगर-समाजशास्त्र नावाचे शास्त्र ह्याच प्रश्नापासून सुरू झाले. ते मुख्यतः अमेरिकेत वाढले, पण मला त्याचा पहिला धडा लक्ष्मीबाई नगरात मिळाला.

आमच्याकडे नवा मुलगा खेळायला आला की त्याला नाव विचारण्याआधी विचारत, "कोणत्या टाइपमध्ये राहतोस?" टाइप म्हणजे क्वार्टरचा प्रकार. केंद्र सरकारची घरे टाइप एकपासून आठपर्यंत विभागलेली असतात. कोणाला कोणता टाइप मिळणार हे त्याच्या पगाराच्या श्रेणीवर ठरते, आणि त्या टाइपमध्ये कोणाचा नंबर आधी लागणार हे प्रतीक्षा यादीवर. शिपायाचे घर वेगळे, कारकुनाचे वेगळे, सेक्शन ऑफिसरचे वेगळे. सहसचिव तर दुसऱ्याच वसाहतीत. बढती मिळाली आणि वरच्या टाइपमध्ये नंबर लागला की सामान ट्रकवर चढे. मुलांचे मित्र मागे राहत. वडिलांच्या पगारपत्रकातल्या एका ओळीमुळे आपला क्रिकेटचा संघ फुटतो, हे मला नवव्या वर्षी कळले.

ही व्यवस्था कोणा एका साहेबाच्या लहरीने आलेली नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. मधल्या वीस वर्षांत एडविन ल्युटेन्स, हर्बर्ट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे शहर आखले त्यात व्हाइसरॉयचा प्रासाद टेकडीवर, जवळ मोठ्या अधिकाऱ्यांचे प्रशस्त बंगले, आणि दर्जा जसजसा उतरेल तसतसे अंतर जास्त व भूखंड लहान. देशी कारकून आणखी पलीकडे, रांगेच्या घरांत. अँथनी किंग या ब्रिटिश अभ्यासकाने १९७६ साली ह्या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी नव्या दिल्लीचे मूळ शोधले ते छावणीत, म्हणजे कॅन्टोनमेंटमध्ये. जुन्या शहराला चार हात दूर ठेवायचे, सरळ रस्ते आखायचे आणि घराच्या आकारावरून हुद्दा ओळखता यावा अशी मांडणी करायची. पुण्याच्या कॅडेटांनी कसबा किंवा शनिवार पेठेतून कॅम्पात सायकलवर जाऊन पाहावे. गल्लीची रुंदी कुठे बदलते तेथे १८१८ नंतरची सीमा सापडते. आपल्याकडे उपनगराचा जन्म मोटारीच्या कितीतरी आधी झाला, आणि तो छावणीच्या रूपाने झाला, असे माझे मत आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे व्हाइसरॉय नव्हता आणि टाइपही नव्हते. तरी शहर आपोआप वेगवेगळ्या वस्त्यांत विभागले जात होते. ते कसे?

शिकागो हे त्याचे गाजलेले उदाहरण. १८३७ मध्ये हे शहर म्हणून स्थापन झाले तेव्हा वस्ती जेमतेम चार हजार. १८७१ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. तरीही १९०० साली लोकसंख्या सतरा लाखांच्या घरात होती आणि १९३० मध्ये तेहेतीस लाखांच्या पुढे. पोलंड, इटली, जर्मनी, आयर्लंड येथून आलेले लोक आणि दक्षिणेकडच्या शेतांतून वर सरकलेले कृष्णवर्णीय मजूर यांनी शहर फुगत होते. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस हे दोन प्राध्यापक होते. पार्क आधी अनेक वर्षे वृत्तपत्राचे बातमीदार होते, त्यामुळे विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसवून ठेवण्यापेक्षा रस्त्यावर पाठवण्याकडे त्यांचा कल होता. (ह्या बाबतीत ते आपल्या फील्डक्राफ्टच्या उस्तादांना आवडले असते.)

१९२५ मध्ये बर्जेस यांनी शहराच्या वाढीचे एक चित्र मांडले. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकात एक पाच वर्तुळे. मधोमध कचेऱ्या आणि मोठी दुकाने. त्याला लागून मोडकळीला आलेल्या घरांचा पट्टा, जेथे नुकताच बोटीतून उतरलेला परदेशी माणूस स्वस्त खोली घेई. त्याच्या बाहेर कामगारांची घरे, मग बऱ्या स्थितीतल्या लोकांची, आणि सर्वांत बाहेर रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांचे उपनगर. कुटुंबाची कमाई वाढली की ते एक वर्तुळ बाहेर सरकते आणि त्याची रिकामी खोली नवा येणारा घेतो. म्हणजे शेजारी ठरवतो तो बाजार, जमिनीचा भाव.

हे चित्र पुढे पुष्कळ दुरुस्त झाले. होमर हॉइट यांनी १९३९ मध्ये दाखवले की श्रीमंत वस्ती वर्तुळासारखी पसरत नाही, ती एखाद्या चांगल्या रस्त्याच्या कडेने केकच्या तुकड्यासारखी लांबत जाते. १९४५ मध्ये हॅरिस आणि उलमन म्हणाले की मोठ्या शहराला एकच गाभा नसतो, अनेक असतात. परीक्षेत ह्या तिन्ही आकृत्या विचारल्या जातात, म्हणून नावे लक्षात ठेवा. मला त्यांच्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते त्यांत न दिसणारे एक पात्र: सरकार. अमेरिकेतही शेजारी केवळ भावाने ठरत नव्हता, आणि ते उघड झाले सैनिकांच्या घरांवरून.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लाखो जवान परत येणार होते आणि त्यांना राहायला घरे नव्हती. जून १९४४ मध्ये अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. तो जी.आय. बिल म्हणून ओळखला जातो. शिक्षणाचा खर्च, आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज, तेही बहुधा सुरुवातीची मोठी रक्कम न भरता. विल्यम लेविट नावाच्या बिल्डरने ही संधी ओळखली. युद्धकाळात तो नौदलाच्या बांधकाम दलात होता आणि एकसारख्या बराकी झपाट्याने उभ्या करण्याचे तंत्र त्याला ठाऊक होते. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेते घेऊन त्याने घरे बांधायला सुरुवात केली. कारखान्यात मोटार पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. येथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकत. एक टोळी फक्त पाया घाली, एक फक्त रंग लावी. ऐन भरात दिवसाला तीसहून जास्त घरे तयार होत. १९५१ पर्यंत सतरा हजारांवर घरे झाली आणि त्या गावाला बिल्डरचेच नाव पडले, लेविटटाउन.

एकसारखी घरे, एकसारखी अंगणे, बहुतेक बाप नुकतेच सैन्यातून सुटलेले. मॅरिड क्वार्टर्समध्ये वाढलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हे वातावरण लगेच ओळखीचे वाटेल. फरक एकाच ठिकाणी होता. सुरुवातीच्या करारात कलम होते की गोऱ्या वंशाखेरीज कोणाला ह्या घरात राहू देता येणार नाही. घरकाम करणारे नोकर तेवढे अपवाद. ज्या कृष्णवर्णीय जवानाने तेच युद्ध लढले, ज्याला कायद्याने तेच कर्ज देय होते, त्याला हे घर मिळू शकत नव्हते. सरकारी यंत्रणाही ह्यात कोरी नव्हती. १९३० च्या दशकात घरकर्जाच्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते आणि जेथे कर्ज देणे धोक्याचे तो भाग तांबडा दाखवला होता. कृष्णवर्णीयांची वस्ती असली की रंग बहुतेक तांबडाच.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. पण कागदावरचे कलम गेले तरी रीत गेली नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलांसह राहायला आले. घरासमोर रोज जमाव जमे, दगड येत, राज्याच्या पोलिसांना बंदोबस्त करावा लागला. मायर्स कुटुंब घर सोडून गेले नाही. घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा केंद्रीय कायदा व्हायला १९६८ उजाडले.

उपनगर वाढायला आणखी एक गोष्ट लागली, रस्ता. १९१९ मध्ये अमेरिकन लष्कराचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. पूल मोडत, गाड्या चिखलात रुतत, आणि त्या प्रवासाला ६२ दिवस लागले. ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे सेनापती म्हणून त्याने जर्मनीतले महामार्ग पाहिले, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये ४१ हजार मैलांच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. त्या रस्त्यांवरून मध्यमवर्ग शहराबाहेर गेला. १९७० च्या जनगणनेत उपनगरांत राहणारे अमेरिकन मध्य शहरांत राहणाऱ्यांपेक्षा जास्त भरले.

ह्या अमेरिकन विचाराचा एक धागा दिल्लीपर्यंत आला आहे, आणि तोही लष्करी मार्गाने. आल्बर्ट मेयर हे न्यूयॉर्कचे नगररचनाकार महायुद्धात अमेरिकन सैन्याचे अभियंता म्हणून भारतात होते. येथे त्यांची नेहरूंशी ओळख झाली. १९४८ मध्ये उत्तर प्रदेशात इटावा येथे त्यांनी ग्रामविकासाचा प्रयोग केला, १९५० मध्ये चंदीगडचा पहिला आराखडा काढला (ल कॉर्बुझिये नंतर आले), आणि पुढे दिल्लीच्या महायोजनेला मदत करणाऱ्या फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांचे ते प्रमुख झाले. ही महायोजना १९६२ मध्ये लागू झाली. शाळा आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असलेली, आतून भरधाव रहदारी न जाणारी वस्ती, अर्थात नेबरहूड युनिट, ही अमेरिकन कल्पना तिच्या पायाशी होती.

लक्ष्मीबाई नगर त्या महायोजनेच्या आधीचे. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती, १९५१ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली. फाळणीनंतर आलेले निर्वासितच पाच लाखांच्या घरात होते. शिवाय नव्या सरकारची खाती वाढत होती. १९४७ ते १९५२ या काळात केंद्रात बांधकाम खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. त्या दशकाच्या आसपास नव्या दिल्लीच्या दक्षिण कडेला कारकुनांसाठी क्वार्टरांच्या रांगा उठू लागल्या. तो सगळा परिसर तेव्हा विनय नगर म्हणून ओळखला जाई. सरोजिनी नगर, नेताजी नगर, लक्ष्मीबाई नगर ही नावे मागाहून रुळली.

ह्या वसाहतींनी एक गोष्ट चांगली केली आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. आमच्या ब्लॉकच्या आठ घरांत तमिळ, बंगाली, गढवाली, पंजाबी आणि आम्ही मराठी होतो. यादीत पगार पाहिला जाई, भाषा किंवा पंथ नव्हे, आणि यादीतल्या राखीव जागांमुळे जातीचे कुंपणही बऱ्याच अंशी मोडले होते. ज्या काळात पुण्यामुंबईत आडनाव विचारून खोली भाड्याने देत, त्या काळात आमची आई शेजारच्या अम्माकडून सांबार शिकत होती आणि आमच्याकडच्या पुरणपोळीसाठी दासबाबू दारात उभे असत. म्हणजे वसाहतीने माणसांना पगाराने वेगळे केले आणि बाकी सर्व बाबतींत एकत्र आणले. लेविटटाउनने नेमके उलट केले होते. तेथे फोरमन आणि मॅनेजर शेजारी राहू शकत, कातडीचा रंग तेवढा एक हवा.

पण यादी देते तसे घेऊनही जाते. निवृत्त झाल्यावर ठरावीक महिन्यांच्या सवलतीत क्वार्टर रिकामे करावे लागते. नियम रास्त आहे, मागे रांगेत दुसरा कारकून उभा असतो. तरीही पस्तीस वर्षे दिल्लीच्या मध्यभागी राहिलेल्या माणसाला त्या दिवशी कळते की आपल्या पेन्शनीत मध्यभाग बसत नाही. आमच्या आठ घरांपैकी एक कुटुंब द्वारकेला गेले, एक फरिदाबादला, एक नोएडाला. एक काका हौसेने सांगलीला परतले आणि तेथे मरेपर्यंत "दिल्लीवाले" म्हणून ओळखले गेले. माझ्या वडिलांनी कचेरीतल्या सहकाऱ्यांबरोबर आधीच यमुनापार पटपडगंजला सोसायटीत नाव घातले होते. १९९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि आम्ही तिकडे गेलो.

येथे बर्जेस यांचे चित्र उलटे होते. शिकागोत माणूस बाहेरच्या वर्तुळात जातो तो कमाई वाढली म्हणून. दिल्लीत बरेच जण जातात ते कमाई थांबली म्हणून. शहराच्या गाभ्यात बंगले, झाडे आणि विरळ वस्ती. बाहेर जावे तसतशी दाटी वाढत जाते. गुडगावसारखी श्रीमंत उपनगरेही कडेला आहेत, नाही असे नाही, पण आणीबाणीत झोपड्या हटवून लाखो गरिबांना जेथे भूखंड दिले गेले त्या पुनर्वसन वसाहतीही कडेलाच आहेत.

आता गाभाही बदलतो आहे. २०१६ च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीला मंजुरी दिली: १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ नवी, उंच इमारतींत. लक्ष्मीबाई नगर त्या सातांत नव्हते. शेजारचे सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर होते. खर्च भागवण्यासाठी काही जमिनीवर कचेऱ्या बांधून विकायच्या, अशी योजना. २०१८ मध्ये झाडे तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवली. दुप्पट कुटुंबांना घर मिळणार असेल तर मजले चढवावेत, असे मला वाटते. दुमजली क्वार्टरच्या आठवणीपेक्षा प्रतीक्षा यादीतल्या माणसाचे छप्पर मोठे. मात्र नवे घर बांधताना मोजले जातात ते यादीतलेच लोक.

यादीबाहेरचेही लोक होते. आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली एक प्रेसवाला होता. इस्त्रीवाल्याला दिल्लीत तसेच म्हणतात. कोळशाची जड इस्त्री, दगडांवर ठेवलेले टेबल. साऱ्या ब्लॉकचे सरकारी शर्ट त्याच्या हातून जात, आणि कोणाची बढती झाली हे आम्हांला कळायच्या आधी त्याला कळे, कारण कपडे वाढत. त्याला टाइप नव्हता. तो जवळच्याच झोपड्यांत राहत असे. त्या हटल्या तेव्हा त्याला यमुनापार त्रिलोकपुरीत लहानसा भूखंड मिळाला. टेबल मात्र त्याने हलवले नाही, गिऱ्हाईक इकडेच होते.

पटपडगंजहून त्रिलोकपुरी फार लांब नाही. निवृत्तीनंतरही वडील महिन्यातून दोनदा आय.एन.ए. मार्केटला मासळी आणायला जात. सकाळच्या बसमध्ये त्यांना बहुधा प्रेसवाला भेटे. यमुनेचा पूल येईपर्यंत दोघे एकाच बाकावर बसून गप्पा मारत: कोणाच्या क्वार्टरमध्ये आता कोण आले, कोणाचा मुलगा कुठे लागला. लक्ष्मीबाई नगरात वीस वर्षे रोज भेटूनही ते एकमेकांच्या शेजारी कधी बसले नव्हते.